घरच्या माणसाला चिठ्ठी लागत नाही

"काका, यातले फोटो कुठे गेले?"

भिंगवाल्यांच्या चिमट्यात तेव्हा तांदळाच्या कणीएवढा स्क्रू होता. तो त्यांनी आधी डबीत टाकला. मग डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून त्यांनी वर पाहिलं. समोर सिस्टर उभी होती. अंगात हॉस्पिटलचा पांढरा गणवेश, पायात ड्यूटीचे बूट, आणि चेहरा इतका पांढराफटक, की त्यांनी आधी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा बघू. कुठले फोटो?"

"एकतीस होते. लपवलेल्या अल्बममध्ये. आत्ता वकीलबाईंना दाखवायला गेले तर अल्बम रिकामा. एकसुद्धा नाही हो काका! उद्या कोर्टात तारीख आहे माझी."

"अहो, असे कुठे जातायत? या फोनमधून सुई हलत नाही तुम्ही हलवल्याशिवाय. द्या इकडे."

हे भिंगवाले अगदी खात्रीने म्हणाले. खात्री हा त्यांचा धंद्यातला निम्मा माल होता. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि गेली वीस वर्षं मोबाइल, असं करत करत त्यांनी त्या अरुंद गाळ्यात आयुष्य काढलं होतं. सदा कपाळावर भिंग म्हणून लोक भिंगवाले म्हणायचे. खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? गाळ्याच्या उजव्या अर्ध्या भागात त्यांची बायको फोनची कव्हरं, चार्जर आणि काचेवर लावायचे कागद विकायची. डाव्या भागात हे आणि यांचं टेबल. टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून लावलं होतं, 'तुमचा फोन म्हणजे तुमचं घर. आम्ही उंबऱ्याच्या आत येत नाही.' या ओळीचा त्यांना फार अभिमान होता. शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडे असली ओळ नव्हती.

आणि दुसरा अभिमान त्यांच्या भाषणाचा. कुणी नुसतं विचारायची खोटी, की काका, आयफोन घेऊ का अँड्रॉइड? झालं! हातातलं काम बाजूला पडायचं. "अँड्रॉइड म्हणजे शंभर घरांची वस्ती," ते सुरू करायचे. "कुणाच्या दाराला चांगलं कुलूप, कुणाच्या दाराला नुसती कडी. कंपनीगणिक निराळं. भारीतला घ्याल, तर तोही पक्का असतो, नाही असं नाही. पण स्वस्तातला घ्याल, तर दोन वर्षांनी त्याला अपडेट नाही, विचारणारं कुणी नाही. आयफोन म्हणजे एकाच मालकाची इमारत. भिंतीला खिळा मारायचा तरी परवानगी. पण रखवालदार जागा!" गिऱ्हाईक जांभई देईपर्यंत हे चालायचं. बायको पलीकडून म्हणायची, "अहो, त्यांना फक्त चार्जर हवाय."

सिस्टर आठ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आली, तेव्हा तिने ते भाषण शेवटपर्यंत ऐकलं होतं. एवढंच नाही, तर वर प्रश्नही विचारले. असे प्रश्न भिंगवाल्यांना कुणी कधी विचारले नव्हते.

"माणूस झोपला असेल आणि कुणी त्याचं बोट लावलं, तर फोन उघडतो?"

"तुमचा हा जुना उघडेल की. बोटाला काय कळतंय, मालक जागा आहे का झोपलाय?"

"आणि तो दुसरा?"

"तो चेहरा बघतो. डोळे उघडे हवेत. झोपलेल्या माणसासमोर धरलात, तर ढिम्म हलायचा नाही."

"आणि घरातला टॅबलेट? फोटो आपोआप तिकडे जातात का?"

"ते बंद करून देतो. तुमचे फोटो तुमच्या फोनमध्ये, बस्स. फक्त सहा आकडी कोड कुणाला सांगू नका. नवऱ्यालासुद्धा नाही!" असं म्हणून ते स्वतःच्या विनोदावर हसले होते. सिस्टर हसली नव्हती. तिने हप्त्यावर आयफोन घेतला. जुना अँड्रॉइड बदलीत दिला, आणि त्यातलं सगळं नव्यात भरून घेतलं. जुना फोन तिच्या डोळ्यांदेखत पुसून भिंगवाल्यांनी पुढे विकलासुद्धा.

तेव्हापासून ती त्यांना काका म्हणायची. कव्हर घ्यायला आली, की बायकोच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायची, गोळीचं नाव लिहून द्यायची. यांना मूलबाळ नव्हतं. बायको तिला "आमची सिस्टर" म्हणायची.

तर आता आमच्या सिस्टरचा फोन भिंगवाल्यांच्या हातात होता. त्यांनी तिच्याकडून तो उघडून घेतला. लपवलेला अल्बम पाहिला. रिकामा. नुकतेच काढून टाकलेले फोटो जिथे महिनाभर पडून राहतात, ती जागा पाहिली. तीही रिकामी. मग त्यांनी फोन कॉम्प्युटरला जोडला, आणि जोडताना त्यांना ठाऊक होतं की हा नुसता देखावा आहे.

"काढता येतील ना, काका?"

"सिस्टर..."

"काढता येतील ना?"

"जुन्या काळच्या फोनमधून निघायचे. मी काढून दिलेत लोकांचे. आता पुसलं की त्याची किल्लीच जळते. चोराला काही मिळू नये म्हणून तशीच रचना असते. मलाही नाही मिळत. कंपनीलाही नाही."

म्हणजे ज्या पक्केपणाची त्यांनी भाषणं केली, तो पक्केपणा असा समोर येऊन उभा राहिला. सिस्टर स्टुलावर बसून राहिली. तिने रडावं असं भिंगवाल्यांना वाटलं. रडणाऱ्या माणसाला निदान पाणी देता येतं.

"कुणीतरी हाताने काढलेत," ते म्हणाले. "आधी अल्बम, मग कचऱ्याची जागा. माहीतगार माणूस आहे. आणि दोन्हींसाठी कोड लागतो. तुम्ही कोड कुणाला सांगितला होता?"

"कुणाला नाही."

"आठवा नीट. मैत्रीण? मुलगी?"

"मुलगी सहा वर्षांची आहे, काका. कुणाला नाही सांगितला. तुम्हाला सांगितला, त्या शुक्रवारी. स्क्रीन बदलायला दिला तेव्हा. तुम्ही म्हणालात, टच तपासायला लागतो."

भिंगवाल्यांनी टेबलाच्या कडेकडे पाहिलं.

त्यांची एक पद्धत होती. फोन दुरुस्तीला आला, की कागदी टेपचा तुकडा फाडायचा, त्यावर कामाचा नंबर आणि खाली कोड लिहायचा, आणि तो फोनच्या पाठीवर चिकटवायचा. वीस फोन एकदम टेबलावर असले, की दुसरा इलाज नसतो. या धंद्यातली निम्मी माणसं हेच करतात. काम झालं, की गिऱ्हाइकासमोर टेप काढायचा आणि टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायचा. महिना संपला, की सगळे एकदम ओरबाडून जाळायचे. कडेला या महिन्याची रांग होती. त्यांनी भिंग खाली ओढलं. खरं तर काही गरज नव्हती, अक्षर त्यांचंच होतं. चारशे अकरा. चारशे बारा. चारशे चौदा.

सिस्टरचा चारशे तेरा नव्हता.

"फोन घ्यायला कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांना उत्तर दिसत होतं.

"मी ड्यूटीवर होते शनिवारी. मला घरी गेल्यावर फोन टेबलावर दिसला, चार्जिंगला लावलेला. तो म्हणाला, तुझी चक्कर वाचवली." सिस्टर थांबली. "तीन दिवस इतका गोड वागतोय, काका. मुलीची वेणी घालून दिली. मला वाटलं, वकिलाची नोटीस मिळाली म्हणून घाबरला असेल. मी ठार वेडी!"

शनिवार. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, नम्र बोलणं. 'सिस्टर ड्यूटीवर आहेत, मी त्यांचे मिस्टर. फोन झाला का?' पावती मागायची भिंगवाल्यांना लाज वाटली. घरच्या माणसाला कसली चिठ्ठी? हा दुकानाचा शिरस्ता होता. नवरा आला, दिला. सासू आली, दिली. लोक याला आपुलकी म्हणायचे. आणि वर तो म्हणाला, 'चालू करून दाखवता का जरा?' तेव्हा यांनी काय करावं? फोन उलटा केला, टेपवरचा कोड वाचला, त्याच्यासमोर दाबला, आणि नव्या काचेवरून बोट फिरवून म्हणाले, 'बघा, कसा लोण्यासारखा चालतोय.' मग टेपसकट पिशवीत घातला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं.

फोन पक्का होता. रखवालदार जागा होता. दार भिंगवाल्यांनी उघडून दिलं होतं.

आता एक गोष्ट त्यांच्या हातात होती. सिस्टरला टेपचं काही माहीत नव्हतं. फोनमध्ये काहीतरी बिघाड झाला असेल, एवढं म्हटलं असतं, तर तिने ऐकलं असतं. काकांवर तिचा विश्वास होता. पलीकडून बायको कव्हरं पुसायचं थांबवून बघत होती.

"सिस्टर, कोड मी दिला," भिंगवाले म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. टेप, नंबर, शर्ट, लोणी, सगळं. सिस्टरचं तोंड हळूहळू उघडत गेलं. ती ओरडली नाही. एकदा फक्त टेबलाच्या कडेला हात लावून तिने चारशे बारा आणि चारशे चौदा यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं.

"तुम्ही मला म्हणाला होतात, नवऱ्यालासुद्धा सांगू नका."

"हो."

"मी नाही सांगितला."

"नाही सांगितलात."

"दोन वर्षं लागली मला ते एकतीस फोटो जमवायला," ती म्हणाली. "उद्या तो म्हणेल, ही खोटं बोलते, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, मुलगी हिच्याकडे नको. वकीलबाई म्हणाल्या, आता नुसतं तुझं बोलणं आणि त्याचं बोलणं. कागद नाही, फोटो नाही, बघितलेलं माणूस नाही."

ती उठली. पर्स खांद्याला अडकवली. तिचा आवाज अगदी वॉर्डातला झाला, कोरडा, कामाचा. "येते मी. पाच वाजता परत जायचंय त्यांच्याकडे."

"थांबा," भिंगवाले म्हणाले.

बायकोला पुढे काय येणार हे माहीत नव्हतं, पण लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या बाईला आवाज कळतो. ती मधल्या फळीपाशी आली. "अहो, झालं ना सांगून? आता जाऊ द्या तिला."

"बघितलेलं माणूस आहे," भिंगवाले म्हणाले.

"कुठे?"

"मी."

बाहेर एक गाडी उगाच हॉर्न वाजवत उभी होती.

"जुन्यातून नव्यात भरताना," भिंगवाले टेबलाकडे बघत बोलले. "सगळे गेले का, ते बघायला लागतं. नुसता आकडा बघायचा असतो. मी एक उघडला. चुकून नाही. छोट्या चौकटीत काहीतरी जांभळं दिसलं, म्हणून उघडला. मग आणखी तीन उघडले."

"चार," सिस्टर म्हणाली.

"चार."

"आठ महिन्यांपूर्वी."

"हो."

"आणि मग मी कव्हर घ्यायला यायचे. गप्पा मारायचे इथे. तुम्ही मला फोनची काच कशी पुसायची ते शिकवायचात." टेपचं ऐकताना ती इतकी हादरली नव्हती. "तुम्हाला माहीत होतं? प्रत्येक वेळी माहीत होतं? हा स्क्रीन फुटला तेव्हा मी म्हटलं, जिन्यावरून पडला, आणि तुम्ही म्हणालात, जपून चालत जा!"

ते तसंच म्हणाले होते. दुसऱ्याच्या घरातली भानगड, आपण कशाला नाक खुपसायचं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. शिवाय बोलायचं, तर आधी बघितलं हे कबूल करायला लागलं असतं, आणि भिंतीवर ती ओळ होती.

"तुम्ही लोकांचे फोटो बघता?" बायको म्हणाली. तिच्या हातातलं कव्हर खाली पडलं आणि तिने ते उचललं नाही. "अहो, मी अख्ख्या गल्लीला छातीठोकपणे सांगते, आमचे हे कुणाच्या फोनमध्ये डोकावत नाहीत म्हणून! पोरीबाळी फोन देऊन जातात इथे माझ्या शब्दावर. किती वेळा बघितलंत?"

"तेवढंच. एकदाच."

"एकदाच!" बायको म्हणाली. "आता कोर्टात जाऊन हे सांगणार? उद्या कोण देईल फोन तुमच्या हातात? खायचं काय आपण, चार्जर?"

भिंगवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग सिस्टरकडे. "पाच वाजता म्हणालात ना? पत्ता द्या."

सिस्टरने पत्ता सांगितला नाही, पावतीपुस्तकाच्या पाठीमागे लिहिला. लिहून झाल्यावर पेन त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवलं, आणि गेली.

वकीलबाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. एक टेबल, एक कपाट, तीन खुर्च्या, आणि खिडकीत वाळलेली कुंडी. भिंगवाले पावणेपाचलाच पोचले. दुकानातून निघताना त्यांनी सगळ्या फोनांच्या पाठीवरचे टेप काढून टाकले होते. आता कुठल्या फोनचा कोड कुठला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बायको उजव्या बाजूला पाठ करून बसली होती. येतो म्हटलं, तर तिने मान हलवली नाही.

सिस्टर आधीच येऊन बसली होती. मधली खुर्ची तिने रिकामी सोडली होती.

वकीलबाई टाइप करता करता विचारत होत्या. त्यांचं बोलणं तोडून टाकणारं होतं, पण मुद्द्याचं होतं. "तुम्हाला आधीच सांगते. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, की गिऱ्हाइकाच्या फोनमधले खासगी फोटो बघायची तुम्हाला सवय आहे का? उघड कोर्टात विचारेल. बाहेर तुमची गिऱ्हाइकं बसलेली असतील तरी विचारेल."

"विचारू दे."

"आणि कोडसुद्धा तुम्हीच दिलात, हे लिहायचं?"

"लिहा. दोन्ही लिहा."

"ठीक. पहिला फोटो."

भिंगवाल्यांनी सांगितला. दंड, आतली बाजू, चार बोटांचे चार डाग. वकीलबाईंची बोटं चालत राहिली. दुसरा, बरगडीखाली. तिसरा, पाठ. तो आरशात बघून काढलेला होता, आरशाचा डावा कोपरा फुटका होता. सिस्टर खिडकीतल्या कुंडीकडे बघत होती. खोलीतल्या दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलणं चाललं आहे, असं वाटावं.

"चौथा?"

"मानेवर. डाव्या कानाच्या मागे. जखम होती, सुकलेली नव्हती. आणि तिच्या शेजारी मोजपट्टी धरली होती, कागदाची."

वकीलबाई थांबल्या. "मोजपट्टी?"

"वॉर्डातली," सिस्टर कुंडीकडे बघतच म्हणाली. "जखम मोजायला असते. प्रत्येक फोटोत धरली होती मी."

"सिस्टर, तुम्ही मध्ये बोलू नका. हे त्यांचं निवेदन आहे." मग भिंगवाल्यांकडे वळून, "पट्टीवर काही दिसलं?"

भिंगवाल्यांनी डोळे मिटले. तीस वर्षं त्यांनी डोळ्यांचीच कमाई खाल्ली होती. सर्किटवरचा केसाएवढा तडा त्यांना दिसायचा आणि एकदा दिसलेला विसरायचा नाही.

"साडेचार सेंटिमीटर. खाली तारीख होती, निळ्या पेनने. सतरा. महिन्याचा आकडा आधी चुकला होता, मग गिरवून नीट केला होता."

सिस्टरने मान वळवली. दुकानातून निघाल्यापासून पहिल्यांदा तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"बरोबर आहे?" वकीलबाईंनी आता तिलाच विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. आणि मग भिंगवाल्यांना, "एवढं नीट पाहिलं होतंत तुम्ही."

"हो."

वकीलबाईंनी साडेचार टाइप केलं. तारीख टाइप केली. गिरवलेला आकडाही सोडला नाही. मग चष्मा वर करून त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "हे पाहिल्यावर तुम्ही काय केलंत?"

भिंगवाल्यांनी खुर्चीचे हात धरले.

"फोटो सगळे नव्या फोनवर गेले, ते तपासलं," ते म्हणाले. "जुना फोन पुसला, नवा पिशवीत घातला. आणि सिस्टरना म्हणालो, आता अजिबात काळजी करू नका."

"हे लिहू?"

"लिहा."

वकीलबाईंनी तेही लिहिलं, आणि कागद सहीसाठी पुढे केला.